मिटणीतला ठोका

बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात तिने ओढणी बुडवली आणि न पिळता तशीच बाळाच्या अंगावर पसरली. दोन महिन्यांपूर्वी याच खोलीत, याच खिडकीशी उभी राहून तळमजल्यावरची थापीमावशी म्हणाली होती, “पोरी, ऊन भिंतीला टेकायच्या आत खिडक्या लावून घेत जा. इथला वारा आपला नव्हे.” तेव्हा ती हसली होती. वाऱ्यात आपला आणि परका असतो होय, असं काहीतरी बोललीही होती. आता ओढणी बघता बघता वाळत चालली होती, आणि बबडी रडत नव्हती.

रडत नव्हती, हेच तिला सकाळपासून खात होतं. आठ महिन्यांची पोर. काल संध्याकाळी तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आज नऊपर्यंत नुसती कुरकुर, आणि मग गप्प. पहिल्यांदा वाटलं, लागला एकदाचा डोळा. बरं झालं, म्हणून तिने तेवढ्यात केसही विंचरून घेतले. त्या पाच मिनिटांची आता तिला लाज वाटत होती. दहाला लंगोट चाचपला तर कोरडा. अकराला कोरडा. साडेबाराला पुन्हा हात घातला तेव्हा बोटांनाच आधी कळलं. पाजायला घेतलं तर चार घोट ओढून पोरीने तोंड सोडलं, जसं काही ओझं उचलायला सांगितलं होतं. टाळूवर हात ठेवला तर बोटांना खळगा लागला.

“बबडे,” ती म्हणाली. “ए ठमे. बघ ना इकडे.”

डोळे अर्धे उघडले, वर गेले, मिटले.

वीज जाऊन दोन दिवस झाले होते. पंखा थांबला, मग पंप थांबला, मग चौथ्या मजल्याचा नळ खाकरून गप्प झाला. गच्चीवरच्या टाकीत जे काही होतं त्याने काल संध्याकाळी तिचा हात पोळला होता. फोन सकाळी नवऱ्याला लावता लावता विझला. तसाही लागत नव्हता, वीज नसली की टॉवरही मुका. नवरा सिमेंटच्या कारखान्यात, पहाटे चारची पाळी. अकराला सुटायचा, पण पाच वाजेपर्यंत तिथल्याच छपराखाली पडून राहायचा. कारण अकरा ते पाच या गावात बस धावत नाही, दुकान उघडत नाही, दवाखान्याच्या दारावर पाटी उलटी होते. या वेळेला इथे मिटणी म्हणतात.

मिटणी तिला पहिल्या आठवड्यातच खटकली होती. आठच्या सुमारास सगळ्या गल्लीभर खिडक्या लागायच्या, खाट खाट खाट, एखाद्या भल्या मोठ्या पुस्तकाची पानं कोणी मिटत जावं तशा. दाराच्या आतून जाड रजई टांगायची, खालच्या फटीत ओलं फडकं कोंबायचं आणि अंधारात पडून राहायचं. पहाटे साठवलेली थंड हवा दिवसभर जपून वापरायची. तिच्या गावी, समुद्राकाठी, घरं अशी नव्हतीच. तिथे दारं उघडी, खिडक्या उघड्या, वारा समोरून शिरून मागून जायचा आणि त्याच्याबरोबर शेजारीणही. भरदिवसा कोणाचं दार लागलेलं दिसलं की लोक दबक्या आवाजात विचारायचे, कोण गेलं? म्हणून इथे आल्यावर पहिल्याच दिवशी तिने साऱ्या खिडक्या सताड उघडल्या. घर बघतानाही तिनेच चौथा मजला धरला होता. नवरा म्हणाला होता, पहिल्यावर एक आहे, जरा काळोखी आहे. ती म्हणाली होती, “मला उजेड हवा. पोरीला वारा लागू दे.”

आईसुद्धा फोनवर तेच सांगत होती. “घर कोंदट ठेवू नकोस गं. लहान बाळ आहे. वारा खेळता ठेव.”

वारा खेळता ठेवला. दोन महिने निभावलं, कारण वर पंखा होता आणि ऊन अजून भरात आलं नव्हतं. गेल्या पाच दिवसांत मात्र वारा खेळायचा सोडून मारू लागला होता. आणि यातली खरी थट्टा अशी की ती भूगोल घेऊन पदवीधर झाली होती. ‘हवामानाचा लोकजीवनावर होणारा परिणाम सोदाहरण स्पष्ट करा’, दहा गुण. तिला नऊ मिळाले होते. जाड भिंती, अरुंद गल्ल्या, लहान खिडक्या, सगळं तिने वळणदार अक्षरात लिहिलं होतं. भोवतालची हवा अंगापेक्षा तापली की वारा घाम सुकवून गार करत नाही, उलट अंगातली ओल पिऊन टाकतो, हेही लिहिलं होतं. लिहिताना घाम पुसत होती आणि वर्गाच्या उघड्या खिडकीतून समुद्राचा वारा येत होता.

तिने धावत जाऊन खिडकी लावली. काच हाताला चटका देऊन गेली. आता लावून काय होणार होतं? तापलेल्या तव्यावर झाकण टाकल्यासारखं झालं.

बबडीचं मनगट तिने दोन बोटांत धरलं. नाडी लागत होती, पण भलतीच घाईत.

मग तिने विचार करणं सोडलं. पोरीला ओढणीत गुंडाळून छातीशी धरलं, पायात चपला सरकवल्या आणि जिन्यावर आली. चौथ्या मजल्यावर शेजार असा नव्हताच. समोरच्या बिऱ्हाडाचं कुलूप एप्रिलपासून लोंबत होतं. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर कोण राहतं, असं ती माणसं जाताना हसत म्हणाली होती, आणि तिला वाटलं होतं, हौस लोकांना घर बंद ठेवायची.

जिन्याला पश्चिमेकडून सिमेंटची जाळी होती. तिच्या भोकांतून ऊन पायऱ्यांवर सांडलं होतं. कठडा धरवत नव्हता.

तिसरा मजला. शाळेतल्या बाईंचं दार. रोज पहाटे पाचला जिन्यात भेटायच्या, बबडीचा गाल चिमटीत धरायच्या. तिने दार वाजवलं.

आतून एक ठोका आला. टक.

हा इथला रिवाज तिला ठाऊक होता. मिटणीत कोणी दार वाजवायचं नाही. वाजवलंच तर आतला माणूस आतून एकदा वाजवतो. म्हणजे, आहोत, ठीक आहोत, संध्याकाळी या. दार उघडत नाहीत. एकदा उघडलं की जपलेली हवा गेली, आणि मग पाच वाजेपर्यंत खोली पुन्हा गार होत नाही. रजईमुळे शब्द आरपार जात नाहीत, ठोका तेवढा जातो. तिला हा प्रकार पहिल्यांदा कळला तेव्हा तिने आईला फोन करून सांगितला होता आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. “म्हणजे माणसं नव्हे, सुतारपक्षी की गं,” आई म्हणाली होती.

“बाई, मी वरची! बाळाला बरं नाही! उघडा ना!”

टक.

“अहो बाळ डोळे उघडत नाहीये!”

या खेपेला तेवढंही नाही. आत कोणीतरी कूस बदलली असेल. सांगितलं ना एकदा, दोनदा. तिने थोडा वेळ कपाळ दारावर टेकवलं, आणि खाली निघाली. ओरडण्यात श्वास जात होता.

दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला कंडक्टरचं बिऱ्हाड. तिने मुठीने वाजवलं. टक. पुन्हा वाजवलं. टक. शांत, झोपाळू, बिनचूक. तिला वाटलं, दाराला दात असते तर तिने ते पाडले असते.

उजव्या हाताला शिंपीकाका. एकटे राहायचे. पहाटेच्या उजेडात खिडकीशी मशीन चालवताना दिसायचे. तिने दोनदा जिन्यात नमस्कार केला होता आणि दोन्ही वेळा ते मान खाली घालून तिच्या बाजूने निघून गेले होते. त्यांचं दार तिने एरवी वाजवलं नसतं. पण आता मान-अपमान कुठे बघणार. तिचा हात दारावर पडतो न पडतो तोच आतून आवाज आला. टक.

“काका! बाळ—”

टक. टक.

खालून कुठून तरी, दाराच्या तळाकडून. पायाने मारल्यासारखा. तिचं डोकंच फिरलं. बाकीच्यांनी निदान एकेक ठोका रीतसर दिला होता. यांना एवढाही धीर नाही? हुसकावतायत कुत्रं हुसकावल्यासारखं?

“असू द्या!” ती दाराशी तोंड नेऊन ओरडली. “तुमचा गारवा तुम्हाला लखलाभ!”

पहिल्या मजल्यावर दोन्ही दारांना कुलपं होती. तिथे पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले होते. तिने बबडीच्या नाकाशी गाल नेला. येत होता श्वास. लहानसा, गरम, घाईतला. “थांब हं,” ती पुटपुटली. “थांब हं राणी. आलोच आपण.” कुठे आलो ते तिलाही ठाऊक नव्हतं. तळमजल्यावर फक्त थापीमावशीचं दार होतं, आणि त्या दाराशी जायला तिला तोंड नव्हतं.

ते दार तिने वाजवलं नाही. वाजवायच्या आधीच ते आतून उघडलं.

“कोण चपला वाजवतंय मिटणीत?” अंधारातून आवाज आला. मग, “अगं बाई. आण. आण इकडे. आधी दार लाव.”

आत शिरताना तिला वाटलं आपण पाण्यात उतरतोय. दोन पायऱ्या खाली होती ती खोली, जमिनीच्या पोटात. भिंती हातभर रुंद. फरशीवर पाणी शिंपडलेलं, कोपऱ्यात ओली गोणपाटं टांगलेली. थापीमावशीने चाळीस वर्षं बांधकामांवर गिलावा केला होता. मातीचा, चुन्याचा, मग सिमेंटचा. थापी हातातून सुटली, पण नावाला चिकटली. “थापा मारते म्हणून नव्हे हो,” नव्या माणसाला ती स्वतःच सांगायची, “थापी मारायची म्हणून.”

मावशीने पोरीला मांडीवर घेतलं, ओढणी काढून टाकली, जीभ पाहिली, टाळू पाहिली. रांजणातल्या पाण्यात फडकं भिजवून बबडीच्या काखेत, मानेला, जांघेत लावलं. “एकदम बर्फगार करायचं नसतं. भिंतसुद्धा तडकते. हळूहळू. तू काय बघत बसलीस? त्या बाटलीत एक लिटर उकळून गार केलेलं पाणी आहे, त्यात सहा चमचे साखर सपाट, अर्धा चमचा मीठ घाल आणि त्या पेल्यात ओत. आधी स्वतः दोन घोट घे. आई पडली तर पोर कोणी धरायची?”

ती प्यायली.

चमच्याने एकेक थेंब. पहिला ओठांवरून ओघळला. दुसराही. तिसरा आत गेला की बाहेर, कळलं नाही. थापीमावशी मोजत नव्हती, घाई करत नव्हती. भिंतीवर पाणी मारावं तसं, थोडं, थांबून, पुन्हा थोडं. ती स्वतः गुडघ्यांवर बसून पोरीच्या गळ्याकडे बघत होती. गळा हलला.

“गिळलं!”

“गिळणारच. नाहीतर काय करील.”

किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. अर्धा तास असेल, तास असेल. नवस बोलायला सुचत नव्हतं. नुसतं एकच वाक्य मनात फिरत होतं, खिडकी लावली असती तर, खिडकी लावली असती तर. पेला अर्ध्यावर आला तेव्हा बबडीने चमचा तोंडात धरून ठेवला. मग सोडला. मग तोंड वाकडं केलं आणि रडली. बारीक, फाटक्या आवाजात, पण रडली. आणि रडता रडता थापीमावशीचं लुगडं भिजवलं.

“आली ओल!” म्हातारी मोठ्याने हसली. “आता घे तिला पदराखाली. ओल धरली की भिंत उभी राहते.”

पोरीला छातीशी घेतल्यावर मात्र तिचा बांध फुटला. ती हमसून हमसून रडली. मावशीने रडू दिलं. दिव्याशिवायच्या त्या अंधारात तिचा हात तेवढा पाठीवरून फिरत होता. खरबरीत, चुन्याने खाल्लेला हात.

“मावशी, मी तुमचं ऐकलं नाही.”

“ऐकलं होतंस. मानलं नव्हतंस. होतं तसं. समुद्राकडची माणसं दार मिटायला भितात. आम्ही उघडायला भितो. ज्याला जी भट्टी तशी त्याची रीत. पण रात्री खिडक्या उघडायच्या बरं का, चांदणं आत येईल इतक्या. आणि आठला लावायच्या. आणि सप्टेंबरपर्यंत तुम्ही तिघं इथं झोपायचं. तुझ्या नवऱ्याला सांग, घोरत असेल तर बाहेर.”

ती रडता रडता हसली. पोर चुटूचुटू ओढत होती. त्या आवाजाइतकं चांगलं काही तिने आजवर ऐकलं नव्हतं. आणि हायसं वाटल्यावर वाटतो तसा तिला राग आला.

“पण ही माणसं, मावशी. तीन दारं वाजवली मी. तीन! बाळ हातात. एकानेही उघडलं नाही.”

“वाईट नाहीत गं ती. आत काही ऐकू जात नाही. बाईंच्या घरात म्हातारे सासरे आहेत, खाटेवर. दार उघडलं आणि खोली गेली तर म्हातारा गेला. माझ्या लहानपणी एका उन्हाळ्यात गल्लीत नऊ जणं गेली, तेव्हापासून आतून ठोका द्यायची रीत पडली. ठोका आला की समजायचं, माणूस आहे. नाही आला तर दार फोडायचं. चांगल्यासाठीच काढली होती.”

“चांगल्यासाठी! शिंपीकाकांनी तर मी नीट वाजवायच्या आधीच आतून तीनदा हाणलं. हाकललंच मला.”

पाठीवरून फिरणारा हात थांबला.

“कोणी?”

“शिंपीकाका. दुसऱ्या मजल्यावरचे.”

“तू वाजवलंस, आणि त्यानं आतून वाजवलं?”

“हो. लगेच.”

कोपऱ्यात रांजण पाझरत होता, त्याचे थेंब ऐकू येत होते.

“त्याला ऐकू येत नाही,” थापीमावशी म्हणाली. “बारा वर्षं झाली. मशीनच्या खडखडाटाने कान खाल्ले त्याचे. दाराशी ढोल बडवला तरी कळायचं नाही त्याला. मिटणीत कोणी त्याचं दार वाजवतच नाही, उगीच कशाला.”

तिला ते लगेच कळलं. कळायला काही नव्हतंच. ठोका दाराच्या तळातून आला होता. तो तिला नव्हता. तो कोणालाच नव्हता. जिन्यावर कोणी आहे की नाही हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं, दाराशी पडल्या पडल्या तो आपला पाय मारत होता. सकाळपासून मारत असेल. कंडक्टरच्या घरात ऐकू गेला असेल, वर बाईंच्या घरातही गेला असेल, आणि साऱ्यांनी उशीवर मान वळवून म्हटलं असेल, कोणीतरी आलंय कोणाकडे, आतला सांगतोय, संध्याकाळी या.

“किती वाजले असतील?” तिने विचारलं.

“दोन. अडीच.”

“मी पाऊणला वाजवलं होतं.”

मावशीने उठायचा प्रयत्न केला. हात जमिनीवर टेकला, एक गुडघा उभा केला, तिथेच थांबली आणि पुन्हा बसली. “दोन जिने चढेपर्यंत मला संध्याकाळ होईल,” ती म्हणाली. विनवणी नव्हती त्यात. कोणी आपलं वय सांगावं तसं सांगितलं.

तिने पोरीकडे पाहिलं. बबडीने पापण्या मिटल्या होत्या, पण मूठ पदराला घट्ट होती. खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा जे वाटलं ते हे, की नाही जायचं. कोण आपले ते? ओळख ना देख. आत्ता कुठे पोर हाताला लागली. हा अंधार, हे गार, हे सोडून पुन्हा त्या जिन्यावर? आणि गेले तर पोर इकडे पुन्हा गप्प झाली तर? तिने पदर थोडा आणखी ओढून घेतला. थापीमावशीने तिच्याकडे पाहिलं नाही. ती चमच्याने पेल्यातलं पाणी ढवळत बसली होती, विरघळलेलं असूनही.

मग तिने एकेक बोट करून ती मूठ सोडवली.

“दर दोन मिनिटांनी एक चमचा,” ती म्हणाली.

“आता मला शिकवणार तू,” मावशी म्हणाली आणि पोरीला घेतलं. “उंबऱ्याशी बत्ता आहे, लोखंडी. तो ने. एकटीने दार मोडणार नाही, कंडक्टरला उठव. आणि ऐक, एकदा वाजवून थांबलीस तर एकच ठोका परत येईल. थांबू नकोस.”

बाहेरच्या उन्हाने तिला भिंतीवर ढकललं. जाळीतून आलेला उजेड आता तिरपा झाला होता, सरळ डोळ्यांत. पहिला मजला. दुसरा. तिने आधी उजव्या हाताच्या दाराशी कान लावला. दार तापलं होतं. आतून काही येत नव्हतं. तिने गुडघे टेकले, फटीशी तोंड नेलं, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आठवूनही हाक मारली. मग तळहात दाराच्या तळाशी जोरात आपटला. दोनदा, तीनदा. ऐकू नाही तर नाही, लाकडाला हात लागला असेल तर हादरा कळेल. वाट पाहिली. पाऊण वाजता ज्या आवाजाचा तिला इतका संताप आला होता, त्यातला एक, एकच, मिळावा म्हणून ती श्वास धरून बसली.

मिळाला नाही.

ती उठली, वळली आणि कंडक्टरच्या दारावर बत्ता घातला.

टक, आतून.

ती थांबली नाही.

टक.

ती थांबली नाही. लाकडाचा टवका उडाला. वरून बाईंच्या घराने आपलं दार वाजवून उत्तर दिलं, शेजारच्या इमारतींतून आणखी कोणी दिलं, सगळी गल्ली एकेक ठोका देऊ लागली, आहोत, ठीक आहोत, संध्याकाळी या, आणि ती मारत राहिली. हाताची सालटं निघाली. खाली बबडी रडते आहे का, ते या आवाजात ऐकू येत नव्हतं, आणि ते ऐकू यावं म्हणूनसुद्धा तिने हात थांबवला नाही.

कडी सरकली. रजई बाजूला झाली. दार चार बोटं उघडलं आणि आतली गार हवा तिच्या पायांवरून जिन्यात सांडली.

“डोकं फिरलंय का हो?” आतून कोणीतरी म्हणालं. “मिटणी आहे!”

पुरुषाचा आवाज होता की बाईचा, तेही तिला कळलं नाही. डोळ्यांत ऊन भरलं होतं. फटीत काळोख होता, आणि त्या काळोखात एक तोंड असावं, झोपेतून उठलेलं, चिडलेलं, कोणाचंही. तिला खूप सांगायचं होतं. तिने बत्ता खाली ठेवला आणि चौकट दोन्ही हातांनी धरली.

“तुम्ही कोण आहात मला दिसत नाही,” ती म्हणाली. “कोणी का असेना. तुमच्या भिंतीपलीकडे एक माणूस एकटा राहतो. आज सकाळपासून त्याला कोणी पाहिलेलं नाही. आवाज आला होता, म्हणून सगळे निर्धास्त आहेत. तुम्ही जा. आत्ता उठून जा आणि डोळ्यांनी बघून या. खोली तापली तर तापू द्या.”